मिरजेच्या वाटेपासून वेर्ण्याच्या यंत्रापर्यंत

कोकणातल्या घरांत टीबीची गोष्ट निघाली की मुंबई येतेच. गिरणगावात एकेका गाळ्यात दहा-बारा चाकरमानी पाळीपाळीने झोपत. एखाद्याचा खोकला हटेना झाला की हवापालटासाठी त्याला बोटीने गावी धाडत. सोबत जंतूही येत. तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला होता. १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि पुढे छातीचा फोटो निघू लागला. पण रोग दिसला म्हणून बरा होत नव्हता. ऐपत असलेला घाट चढून मिरजेजवळच्या वानलेसवाडीला, सॅनेटोरियममध्ये जाई. फुप्फुसाभोवती हवा भरून ते मिटवून ठेवायचे, हा तेव्हाचा मोठा इलाज. बाकीच्यांची खाट पडवीत.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२मध्ये आयसोनियाझिड आले. तरी माझ्या मते कोकणासारख्या मुलखाला खरा आधार दिला तो मद्रासने. तिथे १९५६पासून काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना दाटीवाटीच्या वस्तीतल्या त्यांच्या घरीच औषधे दिली. गुण जवळपास सारखाच आला; घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. सॅनेटोरियमची गरजच मोडीत निघाली. मग १९६२चा राष्ट्रीय कार्यक्रम आला, पुढे रिफाम्पिसिनमुळे दीड वर्षाचे औषध सहा महिन्यांवर आले.

निदान मात्र बरीच वर्षे सूक्ष्मदर्शकावरच अडून राहिले. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय त्यात काही सापडत नाही. कासार्डे परिसरासारख्या सिलिका वाळूच्या पट्ट्यात तर फोटोही चकवतो, कारण वाळूची धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या सिलिकोसिसचे डाग टीबीसारखेच दिसू शकतात. जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या जीनएक्स्पर्टला जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये मान्यता दिली. दोन तासांत निकाल, पण त्याला अखंड वीज हवी, खोली थंड हवी. आषाढात दोन-दोन दिवस लाईट नसलेल्या गावांना ते कसे परवडावे?

म्हणून ट्रूनॅटचे अप्रूप. बॅटरीवर चालणारे हे यंत्र वेर्ण्याचे, म्हणजे शेजारच्या गोव्याचे. त्याला २०२०मध्ये तीच मान्यता मिळाली. जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला जुमानतो का, एवढे ते सांगते. बाकी औषधांची पडताळणी करायची तर दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेचा रस्ता आहेच, फक्त आता तो प्रवास कफाची डबी करते.