टायमिंग बेल्ट तुटला की पोलाद का वाकतं?

पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला तर गिरणी थांबते, नवा पट्टा चढवला की दळण पुन्हा सुरू. गाडीच्या टायमिंग बेल्टबद्दलही आपल्याकडे हाच समज आहे. खंबाटकी चढून साताऱ्याकडे येताना गाडी बंद पडते, टोचन करून गॅरेजला जाते. ‘बेल्ट तुटलाय’ ऐकून मालक निश्चिंत होतो. दुसऱ्या दिवशी ‘हेड खोलावं लागेल, व्हॉल्व्ह वाकलेत’ असा निरोप आला की त्याला वाटतं, मेकॅनिक फसवतोय. बहुतेक वेळा मेकॅनिक खरंच बोलत असतो. (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणि व्हॉल्व्ह म्हणजे त्यातली हवा-धुराची दारं.)

इंजिनाचे चार स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधल्या पिस्टनच्या (दट्ट्याच्या) चार खेपा, शाळेत शिकलेले असतात: हवा आत, दाब, जळण, धूर बाहेर. या चार स्ट्रोकांत पिस्टनच्या वर-खाली जाण्याने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेऱ्या मारतो, पण प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरवावा लागतो. क्रँकच्या पुलीला २० दात असतील, तर कॅमच्या पुलीला ४०. या दोन पुल्यांना बांधून ठेवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो नुसता एक दात सरकला, तरी क्रँक आणि कॅमचा मेळ क्रँकच्या १८ अंशांनी चुकतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. सिलिंडरच्या वरच्या टोकाला एक छोटी जागा असते आणि ती दोघांची असते. व्हॉल्व्ह उघडताना खाली त्या जागेत उतरतो, पिस्टन वर येताना त्याच जागेत घुसतो. दोघांनी तिथे एकाच वेळी यायचं नाही, एवढीच अट. धूर बाहेर जाताना तर पिस्टन वर चढत असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या पुढे पुढे मिटत जातो, मध्ये थोडंसंच अंतर राखून.

ही जागा किती लहान, याचा हिशेब करून बघा. दीड लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊ. प्रत्येक सिलिंडरला ३७५ घन सेंटिमीटर. दाबाचं प्रमाण १८ ला १ असेल, म्हणजे १८ भाग हवा एका भागात दाबली जात असेल, तर १७ भाग पिस्टन झाडतो आणि तो अगदी वर असताना उरलेली जागा ३७५ भागिले १७, म्हणजे जेमतेम २२ घन सेंटिमीटर. त्यातली बरीचशी पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या वाटीत जाते. उरलेल्या सपाट भागावर पिस्टन आणि हेड यांच्यात साधारण एक मिलिमीटर राहतो. आणि पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आठ-नऊ मिलिमीटर खाली आलेला असतो! हे डिझाइनवाल्यांचं दुर्लक्ष नव्हे. जागा मोठी ठेवली तर दाब मिळत नाही, आणि डिझेल तर दाबाने तापलेल्या हवेतच पेटतं. काही पेट्रोल इंजिनांत पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी खोल खाचा असतात, ती बेल्ट तुटूनही वाचतात. डिझेलला ही सवलत जवळजवळ नाहीच.

बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट लगेच थांबतो, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला उलट रेटत असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात तो कुठेही थांबला तरी कोणता ना कोणता व्हॉल्व्ह उघडाच राहतो. क्रँक मात्र थांबत नाही. फ्लायव्हीलचा, म्हणजे क्रँकला जोडलेल्या जड चाकाचा, जोर असतो, शिवाय गाडी गिअरमध्ये असेल तर चाकंच त्याला फिरवतात. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील तर एका फेरीला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पहिल्याच एक-दोन फेऱ्यांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीची दांडी वाकते. काही डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह सरळ उभे असतात. तिथे कधी कधी रॉकर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातला आडवा दांडा, मोडतो आणि व्हॉल्व्ह वाचतो. त्याला नशीबच म्हणायचं.

वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर (मिटताना तो टेकतो त्या कड्यावर) नीट बसत नाही, दाब निसटतो. सांगलीकडे विहिरींवर चालणारं एका सिलिंडरचं ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय, त्यांना हे हातानेच माहीत आहे. त्याचा डीकॉम्प्रेशनचा खटका उचलला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि हँडल हलकं फिरतं. बेल्ट तुटलेल्या गाडीचा सेल्फही असाच हलका, एकसुरी फिरतो, कारण दाब उरलेलाच नसतो. (त्या ऑइल इंजिनात बेल्टचा प्रश्नच नाही. तिथे क्रँक आणि कॅम गिअरने जोडलेले असतात.) असा आवाज आला की पुन्हा सेल्फ मारू नका. आणि उतारावर ढकलून गिअरमध्ये टाकण्याचा सल्ला तर कुणी दिला तरी ऐकू नका. वाचलेले व्हॉल्व्हही त्यात जातात.

पेट्रोल पंपावर बाटलीतून मिळणारी ‘इंजिन सुधारक’ औषधंही इथे उपयोगाची नाहीत. वाकलेली दांडी कोणतंही द्रव सरळ करत नाही. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवणं ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, पण बेल्टचं रबर वयाने कडक होतं, ऑइल लागलं की फुगतं, आतले काचतंतू वाकून वाकून थकतात. बंपरला लिंबू-मिरची बांधून यातलं काहीच थांबत नाही. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, त्यातली जी आधी संपेल ती पाळायची. वर्षभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो.

चांगला मेकॅनिक लगेच हेड उतरवत नाही. तो क्रँक हाताने, अडकल्याची चाहूल घेत फिरवतो आणि वरच्या टोकापासून ९० अंशांवर आणतो. रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात तेव्हा चारही पिस्टन एकाच पातळीवर, अधेमधे असतात, म्हणून कॅम निर्धास्त फिरवता येतो. मग पुल्यांवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवायचा आणि एकेका सिलिंडरमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना हवा सोडायची. इनटेककडून (हवा आत येते त्या बाजूने) फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह गेला, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागतं.

गळती सापडली तर हेड उतरतं. वाकलेले व्हॉल्व्ह बदलायचे, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) तपासायचे, सीटवर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून बसवायचे. मग हेड उलटं ठेवून वरच्या खोलग्यात रॉकेल ओतायचं आणि पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या वाटेत) थेंब येतो का पाहायचं. हेडचा सपाटपणा पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजायचा. हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडरचा ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) नवं, आणि डिझेलमध्ये त्याची जाडीही महत्त्वाची: पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून ती ठरते. वर काढलेल्या त्या एका मिलिमीटरचा हिशेब इथे पुन्हा जुळवावा लागतो. हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत ताणले जातात, ते परत वापरायचे नाहीत. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली बदलायचीच. बेल्टवर फिरणारा वॉटर पंप असेल तर तोही, कारण त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्ट पुन्हा तुटतो.

शेवटी सेल्फला हात लावण्याआधी पान्याने क्रँक पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. दोनच का? क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक पुरी होते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. हाताला कुठेही अडथळा लागला, किंवा दुसऱ्या फेरीनंतर खुणा एका दातानेही सरकलेल्या दिसल्या, तर बेल्ट काढून पुन्हा लावायचा.