पिवळ्या पिनेतून येणारं चित्र

सांगलीच्या गावभागातल्या मामांच्या घरात 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं जवळपास सगळं सामान गेलं. माळ्यावरची एक पत्र्याची पेटी तेवढी वाचली. तिच्यात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला स्पेक्ट्रम प्लस होता. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा हा घरगुती संगणक 1988 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणला होता. मामांनी कॉलेजच्या वयात त्याच्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली. तो पुन्हा चालावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि माझीही.

अडचण टीव्हीची होती. स्पेक्ट्रममध्ये मॉड्युलेटर नावाची पत्र्याची छोटी डबी असते. संगणकाने तयार केलेलं चित्र ती यूएचएफ या टीव्ही-लहरींच्या पट्ट्यातल्या 36 नंबरच्या चॅनलवर चढवते, म्हणजे संगणक जणू एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच होतो. त्या काळी बहुतेक टीव्हींना अँटेनाशिवाय दुसरी वाटच नसायची, म्हणून ही सोय. नंतरच्या बऱ्याच टीव्हींना पिवळी पिन असते, तिला चित्र थेट चालतं. मग डबीतलं काम वगळायचं: तिच्यातला एक रेझिस्टर काढायचा, बोर्डावरून येणारी चित्राची तार एका कंडेन्सरमधून (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) डबीच्या मधल्या पिनेला जोडायची, आणि डबीत जाणारी 5 व्होल्टची तार सोडवून टोकाला टेप लावायचा. ती तार पत्र्याला टेकली की शॉर्ट झालाच. सोल्डरचं काम अर्ध्या तासाचं. पुढे चित्र नीट आलं नाही तर दोष शोधायला मात्र दिवस जातात.

तो शोध अंधारात करावा लागत नाही, कारण बिघडलेलं चित्रच कुठे बिघडलंय ते सांगतं. फक्त त्या एका तारेतून काय काय येतं ते ठाऊक हवं.

तारेवर एकूण एक व्होल्टचा खेळ असतो. त्यातले खालचे 0.3 व्होल्ट सिंकचे: ‘इथे ओळ संपली’, ‘इथे पडदा संपला, वर जा’ असा इशारा. वरचे 0.7 व्होल्ट उजेडाचे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. आणि या उजेडावरच 4.43 मेगाहर्ट्झची एक बारीक थरथर बसवलेली असते, ती रंगाची. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला या थरथरीचा छोटा नमुना येतो आणि टीव्ही त्याच्याशी ताल जुळवून रंग ओळखतो. ही पाल पद्धत. ब्रिटनमध्ये तीच होती आणि आपल्या दूरदर्शननेही तीच घेतली, म्हणून तिथला संगणक इथल्या टीव्हीवर चालतो. दूरदर्शनवर रंग आला ते 1982 साल, आणि पहिला स्पेक्ट्रम ब्रिटनच्या बाजारात आला तेही 1982.

आमच्याकडे पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. अशा वेळी सोल्डरिंग गनला हात लावण्याआधी संगणक जिवंत आहे का ते बघावं. की दाबल्यावर स्पेक्ट्रम बारीक ‘टिक’ करतो. टिक ऐकू आली, म्हणजे प्रोसेसर चालू आहे आणि दोष पुढच्या वाटेवर आहे. (स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्ट अडॅप्टरच्या पिनेत आतली बाजू ऋण असते. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. घाईने दुसरा लावू नका.) आमच्या डबीच्या अर्थिंगच्या जागी पुराच्या ओलीने हिरवा गंज धरला होता. तो खरवडून नवं सोल्डर मारलं आणि चित्र आलं.

आलं, पण वरखाली पळायला लागलं. वरचा भाग उजळ, खालचा मळकट. अक्षरांच्या उभ्या कडा मात्र सरळ होत्या. गणपती पेठेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कंडेन्सर कितीचा टाकलायस?” मी चित्राच्या वाटेत 10 मायक्रोफॅरडचा टाकला होता, तोच घरात होता म्हणून. टीव्हीची पिवळी पिन 75 ओहमची. 10 मायक्रोफॅरड गुणिले 75 ओहम केलं तर येतात 0.75 मिलिसेकंद, म्हणजे कंडेन्सर साधारण एवढाच वेळ पातळी धरून ठेवतो. एक ओळ 0.064 मिलिसेकंदांत संपते, म्हणून ओळी सरळ राहिल्या. पूर्ण पडदा भरायला मात्र 20 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पातळी घसरते, उजेड बदलतो आणि पडदा संपल्याचा इशारा टीव्हीला नीट सापडत नाही. 470 मायक्रोफॅरडचा टाकल्यावर तोच हिशोब 35 मिलिसेकंदांवर गेला आणि चित्र थांबलं. काकांनी पडदा न बघता दोष सांगितला, तो या गणितामुळे.

चित्र थांबलं, पण कृष्णधवल. म्हणजे सिंक आणि उजेड ठीक, फक्त थरथर हरवलेली. आधी टीव्हीच्या मेनूत ‘ऑटो’ काढून पाल निवडलं. फरक नाही. रंग बसवणाऱ्या एलएम1889 या चिपला 12 व्होल्ट मिळत होते. मग भिंगाखाली 4.43 मेगाहर्ट्झचा ताल देणाऱ्या क्रिस्टलचे पाय पाहिले. एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर होती. ड्राय सोल्डर! ताजं सोल्डर लावलं आणि मामांनी बी, 2 आणि एंटर दाबलं. बी म्हणजे बॉर्डर, 2 म्हणजे लाल. कडा लाल झाली.

त्या लाल रंगाच्या काठावर बारीक ठिपके सरकताना दिसतात. “हे कधी जाणार?” मामांनी विचारलं. ते जाणार नाहीत, आणि तो दोषही नाही. स्पेक्ट्रम सेकंदाला 70 लाख ठिपक्यांच्या वेगाने चित्र काढतो. एकाआड एक काळा-पांढरा ठिपका आला की उजेडच 3.5 मेगाहर्ट्झने थरथरतो. रंगाची थरथर 4.43 भोवती दोन्ही बाजूंना एकेक मेगाहर्ट्झहून जास्त पसरलेली असते, त्यामुळे ही 3.5 ची थरथर तिच्याच हद्दीत पडते आणि टीव्ही तिलाही रंग समजतो. उलट, खऱ्या रंगाचा काही अंश टीव्हीला उजेड वाटतो. शिवाय ठिपके मोजणारा क्रिस्टल वेगळा आणि रंगाचा वेगळा, दोघांचा ताल जुळलेला नाही, म्हणून हे ठिपके एका जागी थांबत नाहीत. एका तारेत सगळं कोंबल्याची ही किंमत आहे. कोणताही कंडेन्सर बदलून ती चुकत नाही.

एक अडचण नव्या सपाट टीव्हींवर येते. दूरदर्शनचं चित्र 625 ओळींचं, दोन अर्ध्यांत विणलेलं. स्पेक्ट्रम दर वेळी त्याच 312 ओळी काढतो, सेकंदाला 50.08 वेळा. जुन्या काचेच्या टीव्हीला याचं काही वाटत नाही, पण काही नवे टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतात. म्हणून तारा उचकटण्याआधी दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा. आमचा स्पेक्ट्रम मामांच्या नव्या टीव्हीवर चालतो, शेजारच्यांच्या टीव्हीवर चालत नाही. डबीतला काढलेला रेझिस्टर मी कागदात गुंडाळून संगणकाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलाय, म्हणजे कुणाला ती डबी पूर्ववत करायची झाली तर करता येईल.