मांड: आवळायची की सोडायची?

पक्क्या स्वाराला मराठीत दाद मिळते ती त्याची मांड, म्हणजे घोड्यावरची पकड, पाहून. ‘मांड घट्ट धर’ हा नवशिक्याला मिळणारा पहिला धडा. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याच्या खेळात, मात्र हाच धडा आधी विसरावा लागतो. मराठवाड्यातल्या घोडेस्वाराला हा बदल जड का जातो, याचे उत्तर जुन्या स्वारीत आहे.

एकोणिसाव्या शतकात औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांखाली असलेल्या फौजेच्या, घोडदळाच्या छावण्या होत्या. फौज शिलेदारी पद्धतीची, स्वार आपला घोडा घेऊनच नोकरीत येई. एका हातात लगाम, दुसऱ्यात भाला किंवा तलवार. वार करताना अंग बाहेर झोकायचे, तर गुडघा-मांडीची पकड आणि रिकिबीचा आधार हवाच. त्या कामाला ती मांड योग्यच होती.

दुसरे कारण रवाल. लांबच्या प्रवासाला रवाल चालीचा घोडा पसंत केला जाई. एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ बरोबरच पडतात, पाठ उसळत नाही, स्वार नुसता बसून राहिला तरी चालते. दुडकीत तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात आणि दोन ठोक्यांमध्ये घोडा क्षणभर हवेत असतो. ती उसळी कंबरेने झेलायची सवय रवालीवर लागतच नाही. (शिवाय ड्रेसाजमध्ये साध्या चालीचे चार ठोके सुटे ऐकू यावे लागतात, रवालीकडे झुकलेल्या चालीचे गुण कापले जातात.)

युरोपातही वाद जुनाच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, रिकीब नसतानाच्या काळात, ग्रीक झेनोफनने सांगून ठेवले होते की खुर्चीवर बसल्यासारखे बसू नका, पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसा. पुढे चिलखती सरदारांनी उंच खोगिरात पाय पुढे ताणून बसायची रीत पाडली. १७३३ मध्ये फ्रान्सचा घोडेस्वारी-शिक्षक ला गेरिनिएर याने पकडीऐवजी तोलावर भर देणारी बैठक मांडली. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल आजही तिचा आधार घेते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीचा घोडदळ अधिकारी काप्रिल्ली याने उडीसाठी आखूड रिकीब आणि पुढे झुकलेले अंग आणले, तेव्हापासून उडीची आणि ड्रेसाजची बैठक वेगळी झाली.

पण सगळ्यात बोलका पुरावा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा. तोवर ऑलिंपिकमधले ड्रेसाज मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांचेच होते. त्या वर्षी ते स्त्रियांना खुले झाले आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य जिंकले. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे होते, म्हणजे भिस्त पकडीवर नव्हे, तोलावर होती.

पकड आवळली की बिघडते काय? गुडघा खुंटीसारखा रुततो, त्याखालचा पाय मागे सरकतो, टाच वर येते आणि बैठकीची दोन्ही हाडे खोगिरावरून उचलली जातात. मग तोल जाऊ नये म्हणून हात लगामाला लटकतो. घोडा मान उंचावतो, पाठ खाली सोडतो, दुडकी आणखी टणक होते, स्वार आणखी आवळतो. वरातीतला नाचरा घोडा पाहून ड्रेसाज आठवते खरे, पण मान वर ताणून पाठ दाबलेला तो नाच नेमका याच चक्रातला असतो.

आधी खोगीर पाहावे. सर्वांत खोलगट जागा मागे असेल तर पाय पुढेच जाणार, कितीही ओरडा. रिकिबीचा तळ सैल सोडलेल्या पायाच्या घोट्याशी यावा. कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत दुसरी सरळ रेषा.

मग लंजिंग, म्हणजे घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवणे. साधारण ८ मीटरची दोरी, शांत घोडा, रिकीब काढलेली, घोडा शिकवणाऱ्याच्या ताब्यात. वीस मिनिटे पुरेत; निम्म्यावर दिशा बदलावी. चालत्या घोड्यावर दोन्ही मांड्या खुब्यातून किंचित बाजूला उचलून सोडाव्यात. पेटके येतात, म्हणून दोन-तीनदाच. दोन्ही हाडांवर सारखे वजन जाणवू लागले की बाहेरच्या हाताने खोगिराची पुढची कड धरून दहा-बारा पावले दुडकी. अंग आपटायला लागण्याआधीच पुन्हा चाल. आपटत फेऱ्या मारल्या तर अंग आवळणेच शिकते. व्हिएन्नात नवे स्वार असे कित्येक महिने काढतात.

रिकीब परत दिली की टाच पुन्हा वर येते आणि रिकीब लांब वाटू लागते. तेव्हा वादीचे भोक बदलण्याआधी गुडघ्याखाली बोट सरकवून पाहावे: ते आत जात नसेल, तर लांबी बरोबर आहे आणि मांड आवळलेली आहे.