‘टिल्ट’ झालेल्या खेळाडूचं करायचं काय? पार्श्वभूमी

गेममध्ये डोकं फिरलं की आजची पोरं म्हणतात, ‘टिल्ट झालो’. हा शब्द मूळचा पिनबॉलचा, म्हणजे तिरप्या फळीवर चेंडू उडवत ठेवायच्या यंत्रखेळाचा. चेंडू हवा तिकडे वळावा म्हणून लोक यंत्रालाच धक्के मारायचे, ते तिरपं करायचे. १९३०च्या दशकात यावर तोडगा निघाला: यंत्र फार हललं की ‘टिल्ट’ अशी अक्षरं उमटायची आणि डाव तिथेच बंद. पुढे पोकरवाल्यांनी हा शब्द उचलला. हरल्याच्या रागात वाटेल तसे पैसे लावत सुटणारा तो टिल्टवर. ऑनलाइन गेमने शब्द घेतला, डाव बंद करण्याची सोय मात्र घेतली नाही.

लीग ऑफ लेजंड्स हा रायट गेम्सचा खेळ ऑक्टोबर २००९मध्ये आला. पाच विरुद्ध पाच, आणि एकटे खेळायला बसलात तर चारही सोबती अनोळखी. सामना अर्धा-पाऊण तासाचा. मध्येच उठलात तर शिक्षा. त्यात सोबती मेला की समोरच्याला सोनं मिळतं आणि तो आणखी ताकदवान होतो. दुसऱ्याची चूक तुमच्याच अंगावर येते. ‘फीडर’, म्हणजे सारखा मरून समोरच्याला पोसणारा, ही शिवी त्यातलीच. गल्ली क्रिकेटमध्ये झेल सोडणाऱ्यावर आपणही खेकसतोच, पण तो संध्याकाळी कट्ट्यावर भेटणार असतो.

मे २०११मध्ये रायटने चक्क पंचायत भरवली. नाव ‘ट्रिब्युनल’. तक्रारी झालेल्या खेळाडूचं चॅट इतर खेळाडूंनी वाचायचं आणि शिक्षा की माफी, यावर मत द्यायचं. कोट्यवधी मतं पडली. कल्पना सुरेख, पण निकाल फार उशिरा लागायचा. कोणत्या सामन्यातल्या कोणत्या वाक्यासाठी शिक्षा झाली, हे तोवर आरोपीच विसरलेला.

२०१२मध्ये कंपनीने खेळाडूंच्या वागणुकीचा अभ्यास करणारा वेगळा चमू उभारला. त्यातले जेफ्री लिन मेंदूविज्ञानात पीएचडी केलेले. त्यांच्या आकडेवारीने सगळ्यांचा समज उलटा केला. सतत विखारी वागणारे खेळाडू जेमतेम १ टक्का, आणि एकूण शिवीगाळीत त्यांचा वाटा सुमारे ५ टक्के. बाकीची बरीचशी घाण एरवी धड वागणाऱ्यांची, एखाद्या वाईट दिवशी केलेली. मला या साऱ्या इतिहासात हाच शोध मोठा वाटतो. ‘नालायकांना हाकला, खेळ सुधारेल’ हे गणित त्याने मोडीत काढलं.

मग रचनेतच हात घालणं आलं. विरोधी संघाशी चॅट बंद ठेवून, हवं त्याने स्वतः सुरू करावं, असं केलं. चॅट वापरणारे फारसे घटले नाहीत, पण वाईट बोलणं जवळपास एक तृतीयांशाने उतरलं. दोन क्लिकचा त्रास, तेवढ्यात पारा खाली! ऑक्टोबर २०१२मध्ये चांगल्या वागणुकीला ‘ऑनर’ देण्याची पद्धतही आली.

ट्रिब्युनल २०१४मध्ये बंद पडलं. पुढच्या वर्षी, सामना संपल्यावर काही मिनिटांत शिक्षा सुनावणारी स्वयंचलित यंत्रणा आली. ऑक्टोबर २०२१मध्ये तर विरोधी संघाशी चॅट काही काळ पूर्णच बंद ठेवून पाहिलं.

आता भांडण टाइप केलेल्या चॅटमधून आवाजात, माइकवरच्या बोलण्यात आलंय. याच कंपनीच्या व्हॅलोरंट या गोळीबाराच्या खेळात जुलै २०२२पासून यंत्राला बोलणं तपासायला शिकवण्यासाठी रेकॉर्डिंग घेणं सुरू झालं, तेही सुरुवातीला फक्त उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीचं. मुंबई सर्व्हरवर एकाच वाक्यात हिंदी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही शिव्या बसतात.