हातचा राखून जाहीर केलेली अश्वशक्ती

इंजिनाची शक्ती चाचणीकक्षात मोजली जाते, पण माहितीपत्रकात किती छापायची हे कंपनी ठरवते. आकडा फुगवण्याचा मोह समजण्यासारखा आहे; तरीही अनेक कंपन्यांनी तो मुद्दाम कमी दाखवला.

याचा नामांकित नमुना म्हणजे शेव्हरले कॉर्व्हेटचे एल-88 इंजिन (1967–69). जाहीर शक्ती 430 अश्वशक्ती. त्याच गाडीच्या साध्या एल-71 इंजिनाची मात्र 435! प्रत्यक्षात एल-88 पाचशेच्या वर जाई. युक्ती सोपी होती : मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर इंजिनाची शक्ती शिखर गाठते त्याच्या बऱ्याच खालच्या फेऱ्यांवरचा आकडा छापायचा. तो आकडा खोटा नव्हे, अर्धवट. हे इंजिन शर्यतीसाठीच होते. 12.5:1 संपीडन (सिलिंडरमध्ये मिश्रण इतके पट दाबणे), त्यासाठी लागणारे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल, रेडिओ मिळणार नाही. हौशी गिऱ्हाइकाने 435 पाहून एल-71 घ्यावे, हाच कंपनीचा हेतू असावा. तीन वर्षांत 216 गाड्या बनल्या.

इतर कारणे व्यवहाराची होती. दमदार गाड्यांवर विमा कंपन्या जादा हप्ता लावत. ड्रॅग शर्यतीत (थोड्या सरळ अंतरावरच्या वेगाच्या शर्यतीत) गट वजन आणि जाहीर शक्ती यांच्या गुणोत्तरावर ठरे, त्यामुळे आकडा कमी तर गट सोपा. फोर्डच्या 428 कोब्रा जेट इंजिनाची जाहीर 335 अश्वशक्ती याच हिशेबातली मानतात. आयोजकांनाही ते उमगले आणि ते स्वतःचा आकडा लावू लागले.

जपानमध्ये तर सगळ्यांनी मिळूनच हात आखडता घेतला. रस्ते अपघातांतील बळी वर्षाला दहा हजारांवर गेल्यावर, 1989 पासून 280 पीएसपेक्षा (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) जास्त शक्ती जाहीर न करण्याचा अलिखित समझोता उत्पादकांत झाला. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या माहितीपत्रकावर वर्षानुवर्षे 280 च राहिले, इंजिन मात्र त्याहून जोरकस. 2004 मध्ये 300 पीएसच्या होंडा लेजंडने ही मर्यादा मोडली.

पंप किंवा जनरेटरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. तिथे हातचा राखणे ही लपवाछपवी नसून नियमच आहे : सतत चालण्यासाठी निर्धारित केलेल्या शक्तीवर बारा तासांत एक तास दहा टक्के जादा भार पेलता आला पाहिजे.

आकडा चढवून सांगणे महागही पडते. 2003 मध्ये माझदाला आरएक्स-8 ची अमेरिकेतील जाहीर शक्ती 247 वरून 238 वर आणावी लागली आणि गिऱ्हाइकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवावी लागली.