टाचेमागचं दुखणं आणि अणुचाचण्यांचा कार्बन

पावसाळा सरला, गणपती गेले की मुंबईत पळणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मॅरेथॉनवर डोळा ठेवून मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, बोरिवलीचं नॅशनल पार्क उजाडायच्या आत भरून जातं. मग नवरात्रात वर गरब्याच्या उड्या. आणि नोव्हेंबर लागला की पळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच प्रश्न येतो: सकाळी उठल्यावर टाचेच्या मागची शीर दुखते, चार पावलं लंगडावं लागतं, मग मोकळं वाटतं, काय करू? उत्तरंही ठरलेली असतात. सूज असेल, बर्फ लाव. गोळी घे. महिनाभर पायाला पूर्ण आराम दे.

या उत्तरांतलं शेवटचं सर्वांत शहाणपणाचं वाटतं आणि तेच सर्वांत जास्त घोळ घालतं. खरा उपाय आराम नव्हे, त्या शिरेवर भार देणारा व्यायाम.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एका जाड कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, मिळतात आणि ती टाचेच्या हाडाला घट्ट चिकटते. हीच ॲकिलिस टेंडन, शरीरातली सर्वांत जाड आणि दणकट कंडरा. पळताना प्रत्येक पावलाला तिच्यावर आपल्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या टाचेमागे क्षणभर जवळजवळ अर्धा टन. त्या ताणाने ती लांबते आणि लगेच आखडून ऊर्जा परत करते. रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हिशेब मांडला होता, की बऱ्यापैकी वेगात पळणाऱ्याच्या या कंडरेत दर पावलाला सुमारे ३५ जूल ऊर्जा साठते. स्नायूंची तेवढी मेहनत वाचते.

दुखऱ्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाह होताना जशा पेशी गर्दी करतात तशा फारशा दिसल्या नाहीत. दिसले ते कंडरा ज्या प्रथिनाची बनते त्या कोलॅजनचे विस्कटलेले धागे, पाणी धरून ठेवणारी जादा प्रथिनं आणि एरवी तिथे नसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. दाहाचा अजिबात संबंध नाही असं आज कोणी म्हणत नाही, पण मुख्य गोष्ट तो नव्हे. म्हणून डॉक्टर हल्ली टेंडिनायटिस (कंडरेचा दाह) न म्हणता टेंडिनोपॅथी (कंडरेचा बिघाड) म्हणतात, आणि म्हणूनच सुजेवरच्या गोळीने दुखणं थोडं दबतं पण जात नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. थोडं भौतिकशास्त्र आहे, पण दम धरा.

१९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी हवेत अणुचाचण्यांचा सपाटा लावला होता. त्यातून सुटलेल्या न्यूट्रॉन्सनी वातावरणातल्या नायट्रोजनचं कार्बन-१४ मध्ये, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारात, रूपांतर केलं, आणि हवेतलं त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ साली हवेतल्या चाचण्यांवर बंदी आणणारा करार झाला. पुढे समुद्र आणि झाडं हा कार्बन शोषत गेली आणि प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. झाडांनी तो घेतला, झाडं आपण खाल्ली, झाडं खाणारे प्राणीही खाल्ले. त्यामुळे शरीरातली एखादी ऊती ज्या वर्षी घडली, त्या वर्षीच्या हवेचं प्रमाण तिच्यात नोंदलं गेलं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे माणसाच्या हयातीत तो जवळजवळ घटत नाही. ऊती सतत नवी होत असेल तर आकडा अलीकडचा येतो. एकदा घडून तशीच राहिली असेल तर जुना.

डेन्मार्कमधल्या कात्या हाइनेमायर यांच्या गटाने २०१३ साली नेमकं हेच मोजलं. १९४५ ते १९८३ दरम्यान जन्मलेल्या २८ मृत व्यक्तींच्या ॲकिलिस कंडरेचा गाभा त्यांनी तपासला. स्नायूंतला कार्बन अलीकडचा होता, पण कंडरेच्या गाभ्यातला त्या व्यक्तींच्या वाढीच्या वयातला निघाला. साधारण सतराव्या वर्षापर्यंत गाभा घडतो आणि निरोगी माणसात त्यानंतर जवळपास बदलत नाही. पन्नाशीत पेडर रोडचा चढ धापा टाकत चढणाऱ्या माणसाच्या टाचेमागचं कोलॅजन त्याच्या कॉलेज प्रवेशाच्या सुमाराचं असतं!

याच गटाने २०१८ मध्ये दुखऱ्या कंडरा तपासल्या आणि चित्र उलटं दिसलं. त्यांच्यात कोलॅजनची उलाढाल झालेली होती, आणि तीही दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून. म्हणजे ‘रविवारी जास्त पळालो म्हणून झालं’ हे अर्धंच खरं. रविवारचं पळणं फक्त शेवटचं निमित्त असतं.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की निरोगी गाभा नवा होत नाही आणि बिघडलेला नवा होऊन सुधारत नाही, तर मग व्यायामाने बरं कसं वाटतं? प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियातले शॉन डॉकिंग आणि जिल कुक यांनी दुखऱ्या कंडरांची खास अल्ट्रासाउंडने मोजणी केली. बिघडलेली कंडरा जाड झालेली असते, आणि त्या वाढलेल्या जाडीत नीट रांगेत असलेल्या धाग्यांचं एकूण क्षेत्रफळ निरोगी कंडरेपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त भरतं. त्यांनी उपमा डोनटची दिली. आपण मेदूवडा म्हणू. मधल्या भोकाची, म्हणजे बिघडलेल्या भागाची, चिंता सोडा, भोवतालचा वडा भरपूर आहे, त्याला मजबूत करा. कंडरेतल्या पेशींना ताण जाणवतो आणि ताणानुसार त्या प्रथिनं बनवतात. ताणच नसेल तर त्या स्वस्थ बसतात, कंडरेचा कणखरपणा कमी होतो, पोटरी बारीक होते. महिनाभर आराम केलेला गडी पुन्हा धावायला उतरतो तेव्हा भार तोच असतो, सोसायची ताकद मात्र घटलेली. दोन आठवड्यांत तो पुन्हा ग्रुपवर हजर.

भार देऊन बरं करायचं हे प्रथम ठामपणे दाखवलं स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी. ते स्वतः अस्थिशल्यविशारद, आणि त्यांचीच टाच दुखत होती. शस्त्रक्रियेला वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा कंडरा तुटली तर करावीच लागेल, या विचाराने त्यांनी तिच्यावर मुद्दाम जबर भार टाकायला सुरुवात केली. कंडरा तुटली नाहीच, दुखणं गेलं. १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि बारा आठवड्यांनी ते सगळे पुन्हा पळू लागले होते. पुढच्या अभ्यासांत निकाल इतके चकचकीत आले नाहीत, पण दिशा तीच राहिली.

व्यायामाला जिम लागत नाही, इमारतीचा जिना पुरतो. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, कठडा धरायचा, दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या आणि मग फक्त दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीला सॅक लावून वजन वाढवायचं. २०१५ च्या एका डॅनिश तुलनेत आठवड्यातून तीनदाच, पण जड वजनाने आणि अगदी संथपणे केलेल्या व्यायामाचे निकालही तितकेच चांगले आले. नोकरी आणि लोकल सांभाळणाऱ्या मुंबईकराला मी तोच सुचवेन. करताना थोडं दुखलं तरी चालतं. दहापैकी पाचाच्या आत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलेलं असावं. दुखणं अगदी हाडाला चिकटण्याच्या जागी असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली नेऊ नये, कारण तिथे कंडरा हाडावर दाबली जाते. अशांनी सपाट जमिनीवरच करावं.

बारा आठवडे हा शब्द ऐकला की लोक पळवाट शोधतात. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, या आपल्याकडच्या जुन्या उपायाला आपण हसतो. पण स्वतःचं रक्त काढून, ते फिरवून, त्यातला प्लेटलेटयुक्त भाग टाचेत टोचून घ्यायला हजारो रुपये मोजतो. २०२१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत हे पीआरपी इंजेक्शन लुटुपुटीच्या टोचणीपेक्षा सरस ठरलं नाही. लाथ निदान फुकट असते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण कंडरा तुटण्याचा धोका असल्याने बरेच डॉक्टर ते इथे टाळतात.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन नुकतंच घेतलं असेल, तर त्या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखू शकते, तुटूही शकते. दोन्ही टाचांमागे टणक गाठी असतील आणि घरात कमी वयात हृदयविकार झाले असतील, तर कोलेस्टेरॉल तपासायला हवं. आणि पळताना किंवा बॅडमिंटन खेळताना फट् आवाज होऊन मागून कोणी मारल्यासारखं वाटलं, तर जिना विसरा. पालथं झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हलत नसेल तर कंडरा तुटलेली असण्याची शक्यता मोठी. पाय टेकवता येतोय म्हणून घरी थांबू नये, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.