क्लोरीन काढता काढता निकेल निकामी का होते?

फ्रान्समध्ये तुलूझला पॉल साबातिए यांनी सहकारी सेंदेरेंस यांच्यासोबत १८९७ साली बारीक निकेलवरून इथिलीन आणि हायड्रोजन सोडले आणि इथेन मिळवले. उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न खर्च होता अभिक्रिया घडवणारा पदार्थ म्हणून, निकेलचे नाव झाले ते तेव्हापासून. याच पद्धतीच्या कामासाठी १९१२ साली साबातिए यांना नोबेल मिळाले. त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला होता: गंधक, क्लोरीन, ब्रोमीन यांचा अंशसुद्धा निकेलला मारक ठरतो. मुंबईत शिवडीला १९३०च्या दशकात तेलाला हायड्रोजन जोडून वनस्पती तूप बनू लागले तेही निकेलच वापरून. तेल आधी नीट शुद्ध करून घ्यायचे, त्यामागे निकेल जपणे हेही एक कारण होते.

गंमत म्हणजे याच साबातिए यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले, की क्लोरोबेंझीन आणि हायड्रोजन निकेलवरून नेले तर क्लोरीन सुटून बेंझीन मिळते. ज्याने निकेल मरते, तेच निकेलकडून काढून घ्यायचे! ही ओढाताण आजही संपलेली नाही.

बरीच वर्षे याची कोणाला निकड नव्हती. ती आणली पीसीबीने, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिलने. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरायच्या या क्लोरीनयुक्त तेलांचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९२९ मध्ये सुरू झाले. १९६८ साली जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी मिसळले आणि ते खाणारी माणसे आजारी पडली. १९७९ मध्ये अमेरिकेने उत्पादनावर बंदी घातली, २००१ मध्ये अशा टिकाऊ प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार झाला. भारतानेही २०१६च्या आदेशाने वापर थांबवायला २०२५ अखेरची मुदत घातली. पीसीबीचा उरलेला साठा जाळायचा तर तापमान खूप लागते, आणि जाळण्यात कसर राहिली तर डायॉक्सिन ही अतिविषारी द्रव्ये तयार होतात. हायड्रोजनने क्लोरीन काढला तर हायड्रोकार्बन हाती राहते. पॅलेडियम हा धातू हे काम अधिक चांगले करते, पण ते महाग. म्हणून निकेलचा विचार पुन्हा सुरू झाला.

अडचण कच्च्या मालापुरती नाही. अभिक्रियेतून निघणारा हायड्रोजन क्लोराइडच निकेलवर उलटतो. तो पृष्ठभागाला धरून बसतो, तेवढ्या जागी हायड्रोजनला थारा मिळत नाही, आणि पुढे निकेल क्लोराइड बनते. कोरडे निकेल क्लोराइड पिवळे असते, दमट हवा लागली की हिरवे पडते. हायड्रोजन मुबलक असेल तर ते परत धातूत उतरते, म्हणून तो गरजेपेक्षा बराच जास्त सोडतात. पण क्लोरीनमुळे निकेलचे अणू हलते होतात, बारीक कण एकत्र येऊन जाड होतात, आणि ही हानी हायड्रोजनने भरून निघत नाही. तिसरा शत्रू कार्बन. तापमान चढले की निकेलवर कार्बनचे तंतू वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कित्येकदा तंतूच्या टोकावर निकेलचा कण दिसतो, ज्या आधारावर निकेल पसरलेले असते त्यापासून उचकटून वर नेलेला.

उपाय यातूनच निघाले. द्रवात काम असेल तर कॉस्टिक सोडा घालून आम्ल लगेच मारायचे. पेट्रोलियम शुद्धीकरणातले निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइड १९९०च्या सुमारास क्लोरोबेंझीनवर तपासले गेले. त्यातले निकेल आधीच गंधकाशी जोडलेले असल्याने त्याला गंधकाचे भय नाही. मला हीच दिशा जास्त भरवशाची वाटते, कारण खऱ्या टाकाऊ तेलात क्लोरीन कधी एकटा येत नाही, गंधकही सोबत असते. शुद्ध क्लोरोबेंझीनवर काही तास टिकलेल्या उत्प्रेरकाला ‘स्थिर’ म्हणणे मला पटत नाही.

आता हा प्रश्न प्लास्टिकच्या वाटेने परत आला आहे. पीव्हीसीच्या वजनात क्लोरीन जवळपास ५७ टक्के असतो. मिश्र प्लास्टिक वितळवून काढलेल्या तेलात त्यातला थोडा जरी उतरला, तरी पुढच्या कारखान्यातले पाइप गंजतात आणि उत्प्रेरक निकामी होतात. त्यामुळे बराचसा क्लोरीन आधीच, प्लास्टिक तापवताना किंवा चुन्यासारख्या शोषकावर, पकडतात आणि उरलेलाच निकेलपुढे जाऊ देतात.